काठावरची मंडळी

तळ्याकाठच्या उद्यानात शिरताना फाटकाशी बहुधा एक रंगीत फलक लागतो. वर मोठ्या अक्षरांत 'इथे काय काय पाहाल' आणि खाली चित्रं. मधोमध खंड्या, ऐन सूर मारताना. शेजारी फुललेलं कमळ. खाली जागा उरली म्हणून एखादं बदक. माणसं तो वाचून उत्साहाने आत जातात आणि एक फेरी मारून "काही खास नव्हतं" म्हणत बाहेर पडतात. त्यांचा तरी काय दोष? फलकावर सगळ्या उत्सवमूर्तीच असतात, रोज पाण्यात राबणाऱ्यांना तिथे कोण विचारतो! माझं जमतं ते या राबणाऱ्यांशी.

त्यात पहिला मान वारकऱ्याचा. काळाकुट्ट पक्षी, पांढरी चोच आणि कपाळावरही तसाच पांढरा टिळा. बदकांच्या घोळक्यात पोहतो म्हणून लोक त्यालाही बदकच समजतात, पण तो पाणकोंबड्यांच्या कुळातला. चरायला काठावर चढला की त्याचे पाय नीट बघून घ्यावेत. बदकासारखा सलग पडदा नाही, प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांना सुट्या पाळ्या. पाय मागे रेटताना त्या पसरतात, पुढे घेताना मिटतात. चिखलात चालायलाही त्या आड येत नाहीत. उडायचं म्हटलं की मात्र पंचाईत. पंख फडफडवत पाण्यावरून बरंच अंतर धावत सुटतो, मागे शिंतोड्यांची रांग, आणि मग कसाबसा हवेत. स्वभाव म्हणाल तर पक्का भांडखोर. हद्दीवरून दोघांची जुंपली की पाण्यात मागे रेलून एकमेकांना चक्क लाथा घालतात. इतका वेळ देखणी, शांत बदकं बाजूने निघून जातात आणि मी मात्र हा तमाशा बघत उभा.

टिबुकली आकाराने अगदीच चिमुकली, पण बुडी मारण्यात भल्याभल्यांना ऐकणार नाही. ती बुडाली की कुठे वर येईल याचा अंदाज बांधत बसायचं, आणि अंदाज चुकला की पुन्हा. तिचे पाय शरीराच्या पार मागच्या टोकाला असतात. पाण्याखाली त्याचा फायदा, जमिनीवर चालताना फजिती. म्हणून घरटंही पाण्यातच, ओल्या पाणवनस्पतींचा तरंगता ढीग, एखाद्या काडीला अडकवलेला. घरट्यावरून उठताना ती अंड्यांवर ओला पाला ओढून घेते. वरून बघणाऱ्याला नुसता कुजलेला कचरा दिसावा! या कुळातल्या पक्ष्यांची आणखी एक तऱ्हा म्हणजे ते स्वतःचीच पिसं गिळतात, पिल्लांनाही भरवतात. पोटात त्या पिसांचा बोळा होतो आणि माशांचे काटे त्यात अडकून राहतात. आतड्यांना इजा होऊ नये म्हणून ही सोय असावी, असं मानतात. पिल्लं आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात, पिसांतून इवलं डोकं तेवढं बाहेर. हे दृश्य फलकावर का नसतं, मला खरंच कळत नाही.

खंड्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. दिसला तर कुणालाही आनंदच होईल. पण तो दिसतो म्हणजे बहुतेक वेळा पाण्यालगत एक निळी रेघ सरकन जाते, आणि शेजारच्याला "अहो, तो बघा" म्हणेपर्यंत कारभार आटोपलेला असतो. गंमत अशी की त्या निळाईत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसांची सूक्ष्म रचनाच अशी की प्रकाशातला निळा भाग तेवढा परत फिरतो. पोटाचा नारिंगी मात्र अस्सल, रंगद्रव्याचा.

पक्ष्यांना माणसांची चाहूल आवडत नाही, वनस्पतींचं तसं नाही. तरी त्यांच्याकडे कुणी धड बघत नाही. पाणलिलीची पानं फोटोपुरती. पण त्या पानांचा उद्योग ऐकण्यासारखा आहे. तिचा कंद तळच्या चिखलात रुतलेला, आणि तिथे प्राणवायूचा दुष्काळ. मग वर तरंगणारी कोवळी पानं उन्हाने तापली की त्यांच्यातल्या हवेचा दाब किंचित वाढतो. ती हवा देठातल्या पोकळ्यांतून खाली कंदापर्यंत ढकलली जाते आणि जुन्या पानांच्या देठांतून पुन्हा वर येऊन बाहेर पडते. जॉन डेसी या संशोधकाने १९८० साली पिवळ्या फुलांच्या पाणलिलीवर हे दाखवून दिलं. एका पानातून दिवसाला २२ लिटरपर्यंत हवा खाली जाऊ शकते म्हणे! हे सगळं बेडूक पानावर निवांत बसलेला असताना, त्याच्या बुडाखाली चालू.

पाणकणसाचं तपकिरी कणीस सगळ्यांना माहीत असतं. सुकलेलं कणीस मुलांच्या हाती लागलं की आटोपलंच. दाबलं की त्यातून कापूस उसळतो आणि थांबायचं नाव घेत नाही. एकेका कणसात लाखभर बिया सहज असू शकतात. मला मात्र त्याच्या कणसापेक्षा खालच्या पात्यांत जास्त रस. पाण्याच्या वर वीतभर उंचीवर, पात्याला घट्ट पकडून बसलेला एखादा तपकिरी किडा तिथे दिसतो. हात लावला तरी हलत नाही, कारण आत कुणी नसतंच. काढून टांगलेल्या रेनकोटसारखी ती नुसती कात. पाठीवर उभी चीर, आणि चिरेतून लोंबणारे पांढरे बारीक धागे. ते धागे म्हणजे श्वासनलिकांची आतली अस्तरं. चतुर बाहेर पडताना तीसुद्धा ओढून काढतो. डोळ्यांच्या जागी दोन रिकामे फुगवटे, तोंडाखाली दुमडलेला लांब ओठ. पाण्याखाली असताना हाच ओठ झटक्यात पुढे फेकून त्याने भक्ष्य पकडलेलं असतं, मागून पाण्याची चिळकांडी सोडून पळही काढलेला असतो. काही जातींत हे पाण्याखालचं आयुष्य वर्षाहून लांबतं, त्यामानाने पंखांचं आयुष्य फार थोडं. पंख पसरून बसला तर चतुर, आणि पाठीवर मिटून बसली नाजूक काडी तर बहुधा टाचणी, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं.

पावाचे तुकडे टाकणाऱ्यांविषयी मी जास्त बोलत नाही. नाहीतर माझा आवाज चढतो. बदकांचं त्याने पोषण होत नाही आणि उरलेला पाव पाण्यात कुजून शेवाळाचं तेवढं फावतं.

जिथे पाणमांजरं आहेत तिथे ती दिसण्याची आशा धरून बसणं हे धीराच्या माणसाचं काम. बाकीच्यांनी काठावरच्या उठून दिसणाऱ्या दगडांवर नजर ठेवावी. आपल्या खुणेची विष्ठा ती अशाच मोक्याच्या जागी टाकतात. तिच्यात माशांचे काटे आणि चकचकीत खवले दिसले आणि वास मासळीचा आला की ओळख पटली. जाणकार मंडळी त्यासाठी गुडघे टेकून, नाक जमिनीशी नेऊन बसतात. मागून फिरायला आलेलं कुटुंब थबकतं, मुलं विचारतात, "काका, काय सापडलं?" अशा वेळी खरं उत्तर द्यावं. मुलं तरी नक्की वाकून बघतात.