बिरसीची धावपट्टी आणि लतीफसाहेब

विदर्भ एक्स्प्रेसमधून गोंदियाला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. ऑटो बिरसीच्या रस्त्याला लागला आणि दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू झाल्या. कुठे कडपा वाळत पडलेल्या, कुठे पुंजणे रचून झालेले. नोव्हेंबरात या भागात वाऱ्यालाच नव्या धानाचा वास असतो.

मला बघायची होती ती इथली धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये ब्रिटिशांनी ती बांधली. धानाच्या मुलखात युद्धासाठी धावपट्टी! आता तिथं वैमानिक घडवणारी संस्था आहे आणि शिकाऊ मुलांची छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालतात.

हे वेड जुनं आहे. मी शाळेत असताना इद्रिस हसन लतीफ महाराष्ट्राचे राज्यपाल होते, १९८२ ते ८५. वडील नागपुरात सरकारी नोकरीत. अधिवेशनाच्या दिवसांत रात्री उशिरा घरी यायचे आणि जेवताना सांगायचे, "अरे, हे राज्यपाल लढाईत विमान चालवत होते." ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं.

लतीफ हैदराबादचे, जन्म १९२३. १९४२ मध्ये हवाई दलात अधिकारी झाले ते अवघ्या अठराव्या वर्षी. आधी कराचीला, जुनाट दुपंखी विमानांतून समुद्रावर गस्त. मग निवडक भारतीय वैमानिकांबरोबर इंग्लंडला गेले, तिथं हरिकेन आणि स्पिटफायर चालवली. परतल्यावर ब्रह्मदेशची आघाडी.

पण मला त्यांची खरी लढाई १९४७ ची वाटते. असगर खान आणि नूर खान हे हवाई दलातले त्यांचे जुने सहकारी. दोघांनीही त्यांना पाकिस्तानकडे बोलावलं. लतीफ तेव्हा चोवीस वर्षांचे होते. धर्म आणि देश यांची गाठ त्यांनी मारली नाही, भारतातच राहिले. ते दोघे पुढे पाकिस्तानचे हवाईदल प्रमुख झाले, हे १९७८ मध्ये भारताचे. एकाच मेसमध्ये जेवलेली माणसं! त्या वयात, जवळच्या मित्रांना असं उत्तर देताना त्यांना काय झालं असेल, याचा विचार मी कितीदा तरी केला आहे.

राज्यपालपदानंतर ते फ्रान्समध्ये भारताचे राजदूत झाले, १९८८ पर्यंत. त्यांच्या आधी अर्जन सिंगही याच वाटेनं गेले होते. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत हरिकेनची तुकडी घेऊन उडालेला हा माणूस १९६५ च्या युद्धात हवाईदल प्रमुख होता आणि १९७१ मध्ये स्वित्झर्लंडला राजदूत म्हणून गेला, पुढे केनियाला उच्चायुक्त. ज्यांनी मरण कॉकपिटमधून पाहिलं, त्यांना बोलणी करायला पाठवणं मला फार शहाणपणाचं वाटतं. लढाईची किंमत त्यांना कुणी समजावून सांगावी लागत नाही.

कुंपणापासून थोडं दूर, बांधावर एक म्हातारे बाबाजी बसले होते. शेजारी त्यांचा नातू पेंढ्या बांधत होता.

"का जी, कोठून आले?"

"नागपूरवरून. विमानं पाहायला."

"हे पोट्टे दिवसभर फिरवत रायतेत." त्यांनी डोळ्यांवर हात धरला. एक विमान वळण घेऊन खाली येत होतं, पंखांवर तिरपं ऊन. "एकटाच चालवते का जी तो?"

"कधी कधी एकटाच."

मग मी त्यांना लतीफसाहेबांचं सांगितलं. ब्रह्मदेश सांगितला, फाळणी सांगितली, पॅरिस सांगितलं. ते सगळं शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढंच विचारलं, "भरती झाला तवा केवढा होता म्हणले?"

"अठरा."

बाबाजींनी नातवाकडे पाहिलं. "याले आता अठरावं लागलं," ते म्हणाले. विमान धावपट्टीला टेकलं, क्षणभर धावलं आणि पुन्हा वर उचललं गेलं. पोरगा हातातली पेंढी तशीच धरून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिला.