शेवटचा क्लोरीन

बाटली गुलाबी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंच्या, बाटल्यांत रिझाझुरिन नावाचा रंग अगदी थोडा घातलेला असतो. आत ऑक्सिजन नसेल तर तो रंगहीन राहतो, जरासा शिरला की गुलाबी होतो. गेल्या वर्षी एका बाटलीचं रबरी बूच सुया टोचून टोचून सैल पडलं, आणि सोमवारी सकाळी येऊन बघते तर आठ महिने जपलेलं कल्चर गुलाबी. ज्या जिवाणूसाठी एवढा खटाटोप चालला होता, त्याला ऑक्सिजन सोसत नाही. ती बाटली पुन्हा उभी राहिली नाही.

त्याचं नाव डिहॅलोकॉक्कॉइडिस. अर्धा मायक्रोमीटर रुंदीची चपटी चकती, भोवती नेहमीची पेशीभित्तिकाही नाही. जनुकसंच सुमारे १४ लाख बेसजोड्यांचा, म्हणजे ई. कोलायच्या जेमतेम एक तृतीयांश. आयुष्यात त्याला एकच काम येतं: क्लोरीन किंवा तसाच दुसरा हॅलोजन चिकटलेला सेंद्रिय रेणू पकडायचा आणि तो हॅलोजन उपटून काढायचा. पुष्कळ जणांना वाटतं की जिवाणू प्रदूषक ‘खातात’. हा खात नाही. आपण ऑक्सिजनवर श्वसन करतो, तसा हा त्या रेणूवर करतो. हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे, क्लोरीनवाल्या रेणूला द्यायचे आणि त्या देवघेवीत मिळणाऱ्या ऊर्जेवर जगायचं. हे मला पहिल्यांदा नीट कळलं, त्या दिवशी मी दुसरं काहीच करू शकले नव्हते.

पर्क्लोरोएथिलीन घ्या. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगला आणि धातूच्या भागांवरचं तेल काढायला वापरतात तेच. पाण्याच्या दीडपटीहून जड, त्यामुळे जमिनीत सांडलं की भूजलाच्या तळाशी जाऊन बसतं आणि पुढची कित्येक दशकं थोडंथोडं विरघळत राहतं. ऑक्सिजनवर जगणाऱ्या जिवाणूंच्या हाती त्यातून फारसं काही लागत नाही, कारण चार क्लोरीननी त्यातल्या कार्बनचे इलेक्ट्रॉन आधीच ओढून घेतलेले असतात. जाळायला उरलंय काय? अशा रेणूला इलेक्ट्रॉन द्यावे लागतात, आणि ते काम ऑक्सिजन नसलेल्या काळ्या चिखलातच चांगलं होतं.

एकेक क्लोरीन निघत जातो. चाराचे तीन, तिनाचे दोन, दोनाचा एक, आणि सगळे निघाले की उरतं साधं इथिलीन, पिकणाऱ्या फळांतून निघतो तोच वायू. पण एक क्लोरीन उरलेला तो रेणू म्हणजे विनाइल क्लोराईड, माणसात कर्करोग करणारा म्हणून सिद्ध झालेला. सुरुवातीच्या रेणूपेक्षा हा जास्त घातक. पहिले एक-दोन क्लोरीन काढणारे जिवाणू बरेच आहेत. शेवटपर्यंत नेणारे फार थोडे. म्हणून कितीतरी ठिकाणी ही साखळी मध्येच अडकते.

एकदा माझ्यासमोर एका जागेच्या सफाईचा अहवाल आला होता. मूळ क्लोरीनवाला द्रावक जवळजवळ संपलाय, असं त्यात मोठ्या समाधानाने लिहिलेलं. मी विचारलं, विनाइल क्लोराईड किती? मोजलंच नव्हतं. त्याच विहिरीचं पाणी पुढेमागे कुणीतरी पिणार असतं. मला आजही त्याचा राग येतो.

आणि नुसता डिहॅलोकॉक्कॉइडिस सापडला म्हणूनही भागत नाही. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने, ज्यात झिंडर आणि गॉसेट हे संशोधक होते, सांडपाण्याच्या गाळातून आलेला १९५ हा वाण शुद्ध स्वरूपात मिळवल्याचं जाहीर केलं. पर्क्लोरोएथिलीन थेट इथिलीनपर्यंत नेणारा तो पहिला. पण शेवटची पायरी तो रेंगाळत करतो, तिच्यावर त्याची वाढ होत नाही. २००३ साली बीएव्ही१ हा वाण समोर आला, तो विनाइल क्लोराईडवरही वाढतो. फरक विकराचा, म्हणजे क्लोरीन काढणाऱ्या एन्झाइमचा. म्हणून आम्ही पाण्यात जिवाणूचं नाव शोधून थांबत नाही, शेवटच्या पायरीचा विकर बनवणारी व्हीसीआर-ए आणि बीव्हीसी-ए ही जनुकंही शोधतो.

बरं, हा एकटा जगतही नाही. त्याच्या विकराच्या गाभ्यात बी-१२ जीवनसत्त्वाच्या कुळातला कोबाल्टवाला रेणू लागतो आणि तो त्याला स्वतः बनवता येत नाही. तो शेजाऱ्यांकडून येतो. हायड्रोजनही किण्वन करणाऱ्या शेजाऱ्यांचा. त्यासाठी जमिनीत वनस्पती तेलासारखं हळूहळू कुजणारं काहीतरी सोडतात. एकदम भरपूर हायड्रोजन झाला तर मिथेन बनवणारे त्यावर तुटून पडतात. थोडाथोडा झिरपत राहिला तर आमच्या गड्याचं चालतं, कारण तो फार कमी हायड्रोजनवरही निभावतो.

गुलाबी झालेल्या बाटलीतलं पाच मिलिलिटर मी त्याआधीच दुसऱ्या बाटलीत काढून ठेवलेलं होतं. ती बाटली अजून काळी आहे, तळाशी लोहाच्या सल्फाईडचा गाळ. काल तिच्यातल्या पाण्यावरच्या वायूचा नमुना सुईने ओढून गॅस क्रोमॅटोग्राफला, म्हणजे वायू वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला, दिला. पडद्यावर सगळ्यात आधी, विनाइल क्लोराईडच्याही आधी, एक लहानसा उंचवटा वर आला. इथिलीन. विनाइल क्लोराईड अजून त्याच्या तिप्पट आहे. नवं बूच बसवलंय, गुरुवारी पुन्हा नमुना घेणार आहे.