टक् टक् टक्

दुपारी अडीचच्या सुमाराला खालच्या काकूंचा फोन. "अगं, तुमच्याकडे सुतार लागलाय का? चारनंतर ठोकायला सांग ना जरा."

सुतार कुठला! आमची चिंगी खाजवत होती. मागचा पाय एकदा सुरू झाला की दर झटक्याला ढोपर फरशीवर आपटतं, टक् टक् टक्. मग मध्येच थांबून ती माझ्याकडे बघते. हे कोण करतंय, असं.

भाद्रपदात हे ठरलेलं. पाऊस ओसरतो आणि मागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत पांढरंशुभ्र फुलतं. भारतात ते पहिल्यांदा नजरेस आलं पुण्यात, १९५५च्या सुमारास. पुण्याने कशाकशात पहिलं यावं! मला त्याच्या शिंका येतात. चिंगी एकदाही शिंकत नाही, पंजे चावत बसते. कुत्र्यांची अ‍ॅलर्जी बहुतेक कातडीतून निघते: पंजे, काखा, पोट, कान.

पहिल्या वर्षी मी तिला माझ्याच शाम्पूने न्हाऊ घातलं. महागातला होता. चार दिवसांत कोंडा आणि दुप्पट खाज. माणसाची कातडी जास्त आम्लधर्मी, कुत्र्याची तशी नाही. डॉक्टरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मी वर्गाबाहेर उभी केल्यासारखी ऐकत होते. टी ट्री ऑइलचं नाव काढल्यावर तर त्यांनी डोळेच वटारले. ते कुत्र्याला विषारी. आधी पिसवा शोधा, म्हणाले. पिसवेच्या लाळेचंच वावडं असेल, तर एकदोन चाव्यांवरही कुत्रं कित्येक दिवस खाजवतं.

तेव्हापासून फिरून आलं की दारातच टब. चारी पाय कोमट पाण्यात, मग बोटांच्या बेचक्यांतून कोरडे पुसायचे, ओल राहिली की तिथेच बुरशी. रविवारी ओट्स. बिनसाखरेचे, मिक्सरमधून अगदी पीठ काढलेले. चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात टाकल्यावर पाणी दुधाळ झालं की समजायचं, जमलं. ते पाणी अंगावर दहा मिनिटं राहू द्यायचं. दहा मिनिटं! चिंगी दुसऱ्याच मिनिटाला स्वतःला चाटायला लागते. मुलगा विचारतो, "आई, ही अंघोळ आहे की नाश्ता?" आणि बघता बघता माझीही पाठ खाजायला लागते. मला कुणाला खाजवताना बघवत नाही, लहानपणापासूनच.

आजोळी खंड्या होता. राखेत लोळायचा, चुलीपाशी. आजी म्हणायची, लोळू दे, पिसवा मरतात. एका पावसाळ्यात त्याला लूत लागली. केस झडले, कान खरखरीत झाले, तुळशीवृंदावनाला अंग घासून घासून त्याने एक कोपरा तेलकट काळा केला होता. घरात आम्ही पाच-सहा पोरं. पोरांना लागेल म्हणून त्याला ओढ्यापलीकडच्या खोपीत नेऊन ठेवलं. आजोबा रोज संध्याकाळी करंजेलाची बाटली आणि भाकरी घेऊन जायचे. मी एकदा हट्टाने मागे गेले. करंजेलाला उग्र वास. आजोबा बोटांनी चोळत होते आणि खंड्याचा मागचा पाय आपोआप हवेत चालत होता, कुणी तरी आत किल्ली दिल्यासारखा. तेवढा वेळ त्याचे डोळे मिटलेले.

मग एका संध्याकाळी आजोबा लवकर परतले. भाकरी फडक्यात तशीच होती. कुणी काही विचारलं नाही. बाटली त्यांनी फळीवर ठेवली, बूच घट्ट लावून.

काकूंना मी सांगितलं, हो, सुतारच आहे. चारनंतर ठोकायला सांगते.