ओठ चुरचुरला की घड्याळ सुरू

जागरणं झाली, ताप येऊन गेला किंवा दिवसभर उन्हात फिरणं झालं की माझ्या खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर फोड यायचेच. घरातली जुनी माणसं त्याला 'जर मुतला' म्हणायची. शब्द ऐकायला कसाही असो, पण आठ-दहा दिवसांत प्रकरण आपोआप मिटायचं, त्यामुळे डॉक्टरांकडे जावं असं कधी वाटलंच नाही. गेल्या वर्षी चार महिन्यांत तिसऱ्यांदा ओठ उतला, तेव्हा गेलो.

डॉक्टर म्हणाले, "हर्पिस." मी चपापलो. माझ्या लेखी हर्पिस म्हणजे एक तर नागीण, नाही तर चारचौघांत ज्याचं नाव काढू नये असं काहीतरी. त्यांना हे चेहरे रोजचे असावेत. नागिणीचा विषाणू याच घराण्यातला, पण वेगळा. ओठावर येतो तो हर्पिस सिम्प्लेक्स, बहुतेकदा टाइप १. पुष्कळांना तो लहानपणीच, कुणाच्या तरी लाडाच्या पापीतून मिळतो. जगातल्या पन्नाशीच्या आतल्या तिघांपैकी जवळजवळ दोघांच्या अंगात तो असतो, फक्त सगळ्यांचा ओठ उतत नाही. एकदा शिरला की चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत दबा धरून बसतो आणि संधी मिळाली की त्याच तंतूवरून खाली येतो. माझा तोच कोपरा दर वेळी का, ते तेव्हा कळलं. आणि त्या गाठीपर्यंत कुठलंही मलम पोचत नाही, हेही.

चिठ्ठीवर असायक्लोव्हिर 5 टक्के क्रीम होतं. दिवसातून पाच वेळा, साधारण चार-चार तासांनी, पाच दिवस. झोपमोड करून लावायची गरज नाही. ओठाच्या बाहेरच लावायचं, तोंडाच्या आत नाही आणि डोळ्याजवळ तर नाहीच. उठता उठता ते म्हणाले, "फोडाची वाट बघू नका. चुरचुरलं की लावा." हे वाक्य मी नीट ऐकलंच नाही.

त्या खेपेला फोड टपोरे झालेच होते. मी गुडघ्याला बाम चोळावा तसं क्रीम चोळलं. ओठ कोरडा पडला, सोलवटला, आणि खपली पडायला नेहमीसारखे नऊ दिवस लागले. पैसे पाण्यात गेले, अशी तक्रार घेऊन परत गेलो. तेव्हा त्यांनी उलगडून सांगितलं. हे औषध विषाणूच्या नकला निघणं थांबवतं. निघून गेलेल्या नकलांना ते काही करत नाही. त्यातही गंमत अशी की औषधाला कामाला लावतं ते विषाणूचंच एक एन्झाइम, त्यामुळे लागण झालेल्या पेशींतच ते खरं काम करतं. फोड भरला की नकलांचा बाजार बहुतेक आटोपलेला असतो. आणि वेळेवर लावलं तरी आजार साधारण अर्धा ते एक दिवसच कमी होतो, हेही त्यांनी न लपवता सांगितलं. एवढ्यासाठी एवढा खटाटोप, असं माझ्या मनात आलंच. वारंवार होत असेल तर पोटात घ्यायच्या गोळ्या आहेत, त्यांचा विचार पुढे करू, म्हणाले.

पुढच्या वेळी दुपारी कामावर असताना ओठ चुरचुरला. ओळखलंही. पण ट्यूब घरी, कपाटात. संध्याकाळी पोचेपर्यंत तीन बारीक दाणे उठलेले.

तेव्हापासून ट्यूब बॅगेत असते. ती चुरचुर आता मी पक्की ओळखतो: मुंगी चालल्यासारखं आधी, मग गरम टोचणी, आणि त्या जागी जीभ लावावीशी वाटते. नंतरच्या खेपेला रात्री दात घासताना ती जाणवली. हात धुतले, कापसाच्या काडीवर तांदळाच्या दाण्याएवढं क्रीम घेतलं, कडेकडेनं टेकवलं, चोळलं नाही. ट्यूबचं तोंड ओठाला लागू दिलं नाही. पुन्हा हात धुतले, कारण बोट डोळ्याला लागलं तर लागण डोळ्यातही जाऊ शकते. पाच दिवस त्या बाजूची दाढी केली नाही आणि टॉवेल वेगळा ठेवला. दोनच फोड आले, तेही बारीक, आणि सहाव्या दिवशी खपली पडली. क्रीममुळे की तसंच व्हायचं होतं, छातीठोक सांगता येणार नाही, पण मी क्रीमला श्रेय देऊन टाकलंय.

नेमकी त्याच आठवड्यात बहिणीची मुलगी बारा दिवसांची होती. तान्ह्या बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो, त्यामुळे मी गेलोच नाही. बहीण रुसली. मी फोनवर कारण सांगितलं तर म्हणाली, "एवढ्याशा फोडासाठी?" खपली पडून खालची कातडी पूर्ण भरल्यावर गेलो. भाचीला मांडीवर घेतलं, पापी मात्र तेव्हाही घेतली नाही.