गाडी नव्हे, होडी समजून बांधा

सांगलीकडच्या आमच्या मंडळींच्या लेखी गोवा म्हणजे निम्मा परदेशच. "तिकडं कसं काय?" हे ज्या सुरात लंडनच्या चुलतदिराला विचारतात, त्याच सुरात मला. त्यात आम्ही जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिच्यात पलंग, ओटा, पंखा बसवायला काढलाय म्हटल्यावर सासूबाईंनी विचारलंच, "घर आहे ना गं तुम्हाला?" आहे. पेडणे तालुक्यात, भाड्याचं, कौलारू. पण हिवाळ्यात हरमल-मांद्र्याच्या बाजूला जर्मनी-फ्रान्सहून रस्त्याने आलेल्या गाड्या उभ्या राहतात, त्या बघून आमच्या ह्यांच्या डोक्यात किडा वळवळला. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा माझा, म्हणून वायरिंग माझ्या गळ्यात.

"आम्हालाही करायचंय, जरा सांग ना" असे मेसेज बरेच साठलेत. तर पहिली गोष्ट ही, की समुद्राकाठी गाडी बांधायची असेल तर गॅरेजवाल्याच्या आधी ट्रॉलरवाल्याला गाठा. गॅरेजवाला गाडी चालती ठेवतो. पण खारं वारं, चार महिने पाऊस आणि सतत हादरे यांत लाकूड, लोखंड आणि वायर टिकवायची कशी, हे शापोराच्या धक्क्यावरच्या माणसांना जास्त कळतं. ३१ जुलैपर्यंतच्या ६१ दिवसांच्या मासेमारीबंदीत ट्रॉलर वर ओढलेले असतात आणि फायबरचं, रंगाचं, इंजिनाचं काम उघड्यावर चाललेलं असतं. जाऊन नुसतं उभं राहिलं तरी शिकायला मिळतं.

आमच्या गाडीला आम्ही तिथलाच एक मालवणकडचा कारागीर आणून दाखवला. त्याने ना बॉनेट उघडलं ना इंजिन ऐकलं. सरकत्या दाराखालच्या पट्टीशी उकिडवा बसला, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेला. टण, टण, टण, आणि मग एकदम थप. तिथे त्याने टोक दाबलं तर ते रंगातून सरळ आत. वर रंग चकचकीत, खाली पत्रा नाहीच. "वयनी, ह्यां लोखंड नाय, बिस्कीट आसा," म्हणाला आणि खिशातल्या खडूने गोल काढला. तासाभरात गाडीवर एवढे गोल झाले की शेजारची पोरं रांगोळी बघायला यावीत तशी आली.

गंजाचं मूळ बहुतेक वेळा आतून असतं. दाराखालच्या पोकळ पट्टीला पाणी निघून जायला खालून भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजतात, पाणी आत तुंबतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेत असल्यामुळे पावसाळा संपला तरी आतलं पूर्ण वाळत नाही. म्हणून आधी ही भोकं तारेने मोकळी करा, गोड्या पाण्याने आतून धुवा, आठवडाभर उन्हात दार उघडं टाका. मग सडलेला पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. उरलेल्या लालसर भागावर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर, तो भाग काळा पडला की झिंकचा प्रायमर, मग रंग, आणि पोकळीत शेवटी मेणाचा फवारा. काही ठिकाणी गंजावरच डांबरासारखं काळं अंडरकोटिंग मारून देतात. स्वस्त पडतं आणि दिसतं छान, पण ओलावा आत कोंडला जातो, पत्रा झाकणाखाली खुशाल सडत राहतो. असं करून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. जुन्या लाकडी होड्यांना इकडे माशाचं तेल किंवा काजूच्या टरफलांचं तेल लावायचे. गाडीला लावू नका, वास जन्मभर जाणार नाही.

नटबोल्टचं गणितही धक्क्यावरच कळलं. स्टेनलेस म्हणजे एकच नव्हे. ३०४ नंबरचं खाऱ्या हवेत ठिपके धरतं, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते जास्त टिकतं. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टेनलेसचा बोल्ट नुसता पिळला तर खाऱ्या ओलाव्यात दोन धातूंचा जणू सेल तयार होतो आणि अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडायला लागतं. मध्ये नायलॉनचा वॉशर घालायचा.

सुतारकामात प्लायवर आयएस ७१० असा शिक्का बघून घ्या, तो मरीन प्लाय. नुसतं "वॉटरप्रूफ आहे हो" या बोलण्यावर जाऊ नका. पण जाड घेण्याचा मोह आवरा. आठ बाय चारचं १८ मिलिमीटरचं एक पान ३५ किलोच्या आसपास भरतं, आणि घरच्या कपाटाच्या हिशेबाने बांधत गेलं तर पाहुणे बसायच्या आधीच स्प्रिंगचे पाटे बसतात. आम्ही पलंगाच्या फळ्या सोडून सगळीकडे १२ मिलिमीटर वापरलं. कापलेल्या प्रत्येक कडेला आणि स्क्रूच्या भोकाला इपॉक्सी पाजायचं, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनेच. साठ लिटरची पाण्याची टाकी म्हणजे साठ किलो. ती खाली, दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये, आणि बॅटरी तिच्या विरुद्ध बाजूला.

उष्णतेबाबत युरोपातल्या गाड्यांची नक्कल करू नये. त्या थंडीसाठी बांधलेल्या, खिडक्या लहान, हीटर मोठा. इथे भिंतीत ग्लासवूल भरलं तर ते पहिल्या पावसात दमट होऊन बसतं. एसीच्या पाइपवर काळा नायट्राइल रबराचा फोम गुंडाळतात, तो पाणी धरत नाही. तो छताला आणि भिंतींना चिकटवा, छत पांढरं रंगवा, आणि पैसे उरले तर ते पंख्यात घाला. छतावर भोक पाडाल तिथे सिलिकॉन नको. एकदा सिलिकॉन लागलं की त्यावर ना रंग धरतो ना दुसरं काही चिकटतं. ब्युटाइलची पट्टी आणि कडेने पॉलियुरेथेन सीलंट, तेही ट्रॉलरवालेच वापरतात.

आता माझा प्रांत. बारा व्होल्टची वायरिंग घरच्या सवयीने करू नका. घरात व्होल्टभर पडझड झाली तर कुणाला कळतही नाही, गाडीत तेवढ्याने फ्रिज बंद पडतो. दुकानात जिला "अडीच एमएम" म्हणतात ती (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटरची) वायर घेऊन पाच मीटरवर दहा अँपिअर न्यायचे म्हटले, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांबं झालं, आणि सुमारे ०.७ व्होल्ट वाटेतच गळतो. तीच वायर सहाची घेतली तर ०.३. वायर टिन केलेली, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेली घ्या. साध्या तांब्याची तार इकडे इन्सुलेशनच्या आतून हिरवी-काळी पडत जाते. जोड डाखायचा (सोल्डर करायचा) नाही, लग लावून क्रिंप करायचा, म्हणजे दाबून बसवायचा. डाखलेल्या जागी तार कडक होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. मुख्य फ्यूज बॅटरीला जवळजवळ चिकटून हवा. फ्यूज वायर वाचवायला असतो, त्यामुळे त्याच्या आधीची प्रत्येक वीतभर वायर उघड्यावर पडल्यासारखीच. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १०० अँपिअर-अवरची घेतली, म्हणजे १२८० वॉट-अवर. लेड-अ‍ॅसिडची तेवढीच घेतली तर ती टिकावी म्हणून निम्मीच वापरायची असते.

गॅसबाबत मी कुणाचं ऐकत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर साचतो. पाच किलोच्या सिलिंडरसाठी बाहेरून उघडणारा, आतून बंद कप्पा केला आणि त्याच्या तळाला खाली रस्त्याकडे उघडणारं भोक ठेवलं. "खालून धूळ येईल," असं सुताराचं म्हणणं. येऊ दे.

किनाऱ्यावरच्या गाड्यांमध्ये एका निवृत्त जर्मन काकांची जुनी मर्सिडीज २०७ डी आहे. आमच्या ट्रॅव्हलरचं दार उघडून ते बघतच राहिले. आश्चर्य नाही. बजाज टेम्पोने १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आणली ती मर्सिडीजच्या टी-वन व्हॅनवरून, आणि त्यांच्या गाडीतलं ओएम ६१६ इंजिन परवान्याने आपल्याकडेच बनत होतं. आज कंपनीचं नाव फोर्स मोटर्स, पत्ता आकुर्डीच. काका टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, स्वतः बसवतात, इंजिन पूर्ण थंड असताना, इनटेकला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर. फट मोजायच्या फीलर गेजची पाती त्या फटीत सरकवताना लोण्यातून सुरी जाते तशी गेली की चूक, किंचित अडली पाहिजे, हे त्यांनी माझा हात धरून दाखवलं. टायमिंगला पट्टा नाही, साखळी आहे, याचा त्यांना कोण अभिमान! आमचे हे तेव्हापासून पुण्याच्या पार्टवाल्यांचे नंबर त्यांना पुरवतात, बदल्यात काका आमच्या इंजिनाचे आवाज ऐकून देतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार परवानगीवाचून करता येत नाही, त्यामुळे सीट काढायच्या आधी आरटीओत विचारा, नंतर नव्हे. पिवळ्या पाटीची गाडी असेल तर ती खाजगी करून घ्या. एमएच-१० ची गाडी गोव्यात बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर फॉर्म २८ वर एनओसी आणून इथे नोंदवावी लागते. विमा कंपनीलाही बदल कळवा. टायरवरचे चार आकडे वाचायला शिका, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जुनी गाडी विकणारा टायरला काळं पॉलिश मारून ठेवतो, आकडे मात्र पुसत नाही.

आमचं अजून छताचं एक काम बाकी आहे, पंख्याभोवतीची फायबरची चौकट. मालवणच्या कारागिराला फोन केला तर मागे ग्राइंडरचा आवाज, "आता ट्रॉलर पाण्यात टाकूचे आसत, नारळी पुनव झाली की येतंय." तोवर वर ताडपत्री.