बॅटरी चांगली होती

३१ जुलैला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात वायरिंगवाल्याला जेवायची फुरसत नसते. १ जूनपासूनची मासेमारीबंदी त्या रात्री संपते आणि पावसाळाभर शाकारून ठेवलेल्या बोटींचे सेल्फ नेमके त्याच दिवशी रुसतात.

त्या दुपारी एका ट्रॉलरवरून बोलावणं आलं. तांडेलाने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, दुकानदाराकडून नव्या बॅटऱ्यांचा भावही काढून ठेवला होता. “मिस्त्री, बॅटऱ्या गेल्यात. फक्त एकदा बघा आणि सांगा.” चावी फिरवली की सेल्फ घर्र करून थांबायचा.

इंजिनखोलीत उतरलो. बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, जोडून चोवीस. बंदीच्या काळात त्या घरी चार्जरवर होत्या, पण केबल आणि क्लॅम्प बोटीतच खाऱ्या दमट हवेत लटकत राहिलेले. पॉझिटिव्हच्या क्लॅम्पवर पांढरा-निळसर फुलोरा बोटभर चढला होता. पांढरं ते शिशाचं सल्फेट आणि निळं म्हणजे मोरचूद, सुपारीवर फवारतात तोच. आम्लाची वाफ क्लॅम्पच्या तांब्या-पितळेला लागली की तो घरच्या घरी तयार होतो. खलाशाने वरवर फडकं मारून तसाच बसवला होता.

आम्लाचा दाटपणा मोजणारा हायड्रोमीटर लावला. सगळे सेल १२५०च्या आसपास, म्हणजे चांगले चार्ज. मीटरवर पंचवीस व्होल्टच्या वर. मग एक पिन बॅटरीच्या खुंटीवर, दुसरी तिच्यावरच बसलेल्या क्लॅम्पवर धरली आणि तांडेलाला सेल्फ मारायला सांगितलं. मीटर अडीच व्होल्टच्या पुढे गेला. एकमेकांना चिकटलेल्या दोन धातूंत पाव व्होल्टही दिसता कामा नये. म्हणजे बॅटरी देत होती आणि वाटेतच गळत होतं.

घड्याळ, अंगठी काढली. आधी निगेटिव्ह सोडला; पॉझिटिव्ह आधी सोडला आणि पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते आणि बॅटरीवर पेट घेणारा हायड्रोजन असतो. सेलची बुचं घट्ट केली, कारण सोडा आत गेला तर आम्ल मरतं. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ओतला. फस्स करून फेस आला. तो थांबेपर्यंत ओतत राहायचं, मग साधं पाणी. गोड सोडावॉटर ओतणारेही भेटतात. साखर चिकटून राहते, मुंग्या येतात, मला ते पटत नाही. खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू टर्मिनल ब्रशने धातू चकाकेपर्यंत घासली.

तरी सेल्फ जडच. केबलचं आवरण चाकूने चिरलं तर आत तांबं काळंहिरवं, बोटाने चुरडलं की भुगा. लालसर तार दिसेपर्यंत हातभर केबल छाटली आणि टोकाला धातूची नवी लग दाबून बसवली. पुढच्या चावीला इंजिन धडधडलं. तांडेल हसला, खलाशी पाने गोळा करू लागला. मी म्हटलं, थांबा.

इतका फुलोरा उगाच चढत नाही. चालू इंजिनवर मीटर लावला: ३०.४ व्होल्ट. असायला हवे होते साधारण अठ्ठावीस-साडेअठ्ठावीस. विचारलं तर कळलं, गेल्या हंगामात दर आठवड्याला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागायचं. अल्टरनेटरचा कटआउट, म्हणजे चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग, जास्त चार्ज करत होता, पाण्याचा वायू होऊन बुडबुड्यांसोबत आम्लाचा फवारा बुचांतून बाहेर येत होता. नव्या बॅटऱ्या टाकल्या असत्या तर त्याही याच वाटेने गेल्या असत्या. कटआउट बदलला, आकडा २८.२ वर आला.

क्लॅम्प आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली चोपडली. आवळण्याआधी नाही, जोडाच्या मध्ये धातूला धातूच लागला पाहिजे.

“मग दुकानदाराला काय सांगू?” तांडेलाने विचारलं. म्हटलं, दिवाळीपर्यंत पाणी किती लागतं ते वहीत लिहा, मग त्याला फोन करा. तेवढ्यात शेजारच्या बोटीवरून हाक आली.