पूल बांधण्याआधी बोअरचं पाणी तपासा

परसात स्विमिंग पूल करायचा ठरला की घरात आधी वाद होतो तो टाइलच्या निळ्या छटेवरून. त्याआधी एक बाटली बोअरचं पाणी प्रयोगशाळेत पाठवावं. पूल कसला घ्यायचा, त्यात काय टाकायचं आणि पुढची दहा वर्षं किती घासायचं, हे बहुतांशी त्या पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, ठरवतो.

हिशेबासाठी एकच पूल धरू. लांबी ८ मीटर, रुंदी ४ मीटर, खोली १.१ ते १.४ मीटर. सरासरी खोली १.२५ धरली तर पाणी भरलं ४०,००० लिटर. चौघा-पाचजणांच्या घराला एवढा भरपूर होतो. सूर मारायला ८ फूट खोल करा असा हट्ट कुणी धरला तर पाणी, रसायनं आणि वीज सगळंच वाढतं, आणि सूर मारण्याची हौस दोन महिन्यांत फिटते.

आता पाण्याकडे. पुलात जडपणा २०० ते ४०० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) असला की ठीक. पठारावरच्या बोअरला ५०० लागणं नवलाचं नाही. उन्हाळ्यात उघड्या पुलातून दिवसाला साधारण ६ मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे आपल्या पुलातून १९० लिटर. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, आणि आपण वरून पुन्हा तेच बोअरचं पाणी सोडतो. शंभर दिवसांत १९,००० लिटर पाणी भरलं, म्हणजे साडेनऊ किलो क्षार आत गेले. जडपणा एका उन्हाळ्यात जवळजवळ २४० पीपीएमने वाढला. पाण्याच्या रेषेवर टाइलला बसणारा पांढरा, खरखरीत थर तो हाच. यावर उपाय दोन. रात्री आच्छादन घालायचं, त्याने उडणारं पाणी बरंच कमी होतं. आणि पावसाळ्यात छपराचं पाणी, पहिल्या एक-दोन सरी सोडून, गाळून पुलात घ्यायचं. अशा जड पाण्यावर मिठापासून क्लोरीन करणारं यंत्र घेण्याच्या फंदात पडू नये. त्याच्या पट्ट्यांवर थर चढतो आणि दर थोड्या दिवसांनी त्या ॲसिडमध्ये बुडवत बसावं लागतं.

बांधकामात पर्याय मुख्यतः दोन, आरसीसी किंवा तयार फायबरचा. फायबरचा हौद लवकर बसतो आणि गुळगुळीत असल्याने शेवाळ कमी धरतो, पण ट्रक आणि क्रेन प्लॉटपर्यंत पोचायला हवी. बसवताना आत पाणी आणि बाहेर भराव बरोबरीने चढवायचा. एक बाजू पुढे गेली की भिंत फुगते. आरसीसीला हवा तो आकार देता येतो, पण टाइल लावण्याआधी हौद काठोकाठ भरून ७ दिवस ठेवायलाच हवा. कंत्राटदार घाई करेल, करू द्या. टाइलमागची गळती शोधायची म्हणजे टाइल फोडणंच आलं. काळी माती असेल तर ती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. ती काढून मुरूम घालून दाबून घ्या. कोकणात अडचण उलटी असते. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकामा पूल होडीसारखा उचलला जातो. म्हणून तळाला हायड्रोस्टॅटिक व्हॉल्व्ह (खालून दाब वाढला की जमिनीतलं पाणी आत घेणारी झडप) बसवावा आणि जून ते सप्टेंबर पूल कधीही पूर्ण उपसू नये. पंपासाठी खड्डा खणून खोली करण्याचा मोहही तिथे टाळावा. पहिल्या मोठ्या पावसात मोटर बुडते. जमिनीवर, पुलाजवळ, सेल्फ प्रायमिंग, म्हणजे हवा काढून पाणी स्वतःच ओढून घेणारा, पंप बरा.

यंत्रसामग्रीचं गणित सोपं आहे. सगळं पाणी ६ तासांत एकदा फिल्टरमधून गेलं पाहिजे, म्हणजे तासाला सुमारे ६,७०० लिटर. त्याला पाऊण ते एक एचपीचा पंप आणि ६०० मिलिमीटर व्यासाचा वाळूचा फिल्टर पुरतो. पंप मोठा आणि फिल्टर लहान ही जोडी वाईट. वाळूतून पाणी इतक्या जोरात जातं की बारीक मळ अडतच नाही. फिल्टर स्वच्छ असताना दाबमापकाचा आकडा लिहून ठेवा. तो अर्धा बार चढला की बॅकवॉश, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून वाळू धुणं, काचेतून पाणी नितळ दिसेपर्यंत, साधारण २-३ मिनिटं. मग अर्धा मिनिट रिन्स, म्हणजे सरळ दिशेने पाणी सोडून ते ड्रेनमध्ये घालवणं. फिल्टरवरच्या व्हॉल्व्हचा दांडा फिरवताना पंप बंदच हवा, नाहीतर आतलं रबर कापलं जातं आणि पाणी गुपचूप ड्रेनमधून जात राहतं.

जागा निवडताना वर बघा. आंबा-फणसाची पानं जाळीने काढता येतात. चिंच आणि गुलमोहराची बारीक पानं मात्र स्किमरच्या (पाण्याच्या पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) टोपलीतून निसटून पंपाच्या गाळणीत बसतात.

सगळ्यात जास्त घोळ क्लोरीनचा होतो. ‘रोज गोळ्या टाकतो तरी पाणी हिरवं’, ही तक्रार बहुतेक ठिकाणी एकाच कारणाने येते. बाजारातल्या ९० टक्केवाल्या गोळ्या म्हणजे टीसीसीए (ट्रायक्लोरो आयसोसायन्युरिक ॲसिड). त्यातून क्लोरीनबरोबर सायन्युरिक ॲसिड येतं. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, म्हणून ३० ते ५० पीपीएमपर्यंत हवंच. पण ते उडत नाही आणि संपत नाही. गोळ्यांमधून १० पीपीएम क्लोरीन दिलं की ६ पीपीएम हे ॲसिड वाढतं. रोज २ पीपीएम क्लोरीन म्हणजे महिन्याला ३६ पीपीएम ॲसिड. तीन महिन्यांत शंभरी ओलांडते, क्लोरीन बांधलं जातं, आणि चाचणीत आकडा चांगला दिसत असूनही शेवाळ धरतं. मग गोळ्या वाढवणं म्हणजे आगीत तेल. निम्मं पाणी काढून नवं भरणं हाच खरा इलाज. आम्ही सुचवू ते असं: ॲसिड ४० वर आलं की गोळ्या बंद, पुढे द्रव हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ क्लोरीन. ६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइट पावडरही चालते. आपल्या पुलाला १ पीपीएमसाठी ६२ ग्रॅम. पण तिने जडपणा वाढतो, म्हणून जड बोअर असलेल्यांनी जपून. या पावडरीच्या मापाने गोळ्यांचा डबा कधीही उपसू नका. दोन्ही एकत्र आल्या की पेट घेतात, स्फोटही होतो. आणि रसायन पाण्यात टाकायचं, रसायनावर पाणी कधीच ओतायचं नाही.

पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता मोजणारा आकडा, ७.२ ते ७.६ हवा. हा आकडा ८ वर गेला की क्लोरीनचा जेमतेम पाव भाग कामाला येतो. डोळे चुरचुरले आणि उग्र वास आला की लोक क्लोरीन कमी करतात. तो वास घाम-लघवीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो आणि मोकळं क्लोरीन कमी पडल्याची ती खूण आहे. अशा वेळी सूर्यास्तानंतर १० पीपीएमचा मोठा डोस द्यावा, म्हणजे तीच पावडर ६१५ ग्रॅम, बादलीभर पाण्यात विरघळवून. पंप रात्रभर चालू. क्लोरीन ३ च्या खाली येईपर्यंत कुणी उतरायचं नाही.

पावसाळ्यात पूल बंद ठेवू असं म्हणणाऱ्यांचा पूल गणपतीपर्यंत डबकं झालेला असतो, वर डासांची पैदास. पोहत नसलात तरी पंप रोज ४ तास चालवा. पावसाच्या पाण्याने अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी पाण्याची क्षमता) घसरते आणि मग पीएच झोके खातो. ती ८० ते १२० पीपीएममध्ये राखा. १० पीपीएमने वाढवायला साधारण ६७० ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो, तोच किराणा दुकानातला.

पाणी गळतंय की उडतंय, हे ओळखायला बादली पुरे. पुलातलंच पाणी भरून ती पायरीवर ठेवा, आतल्या आणि बाहेरच्या पातळीला खूण करा, पंप बंद. २४ तासांनी बाहेरची पातळी जास्त उतरली असेल तर गळती आहे. मग तेच पंप चालू ठेवून करा. तेव्हा फरक वाढला तर दोष पाइपात.

डोक्याला चपचपीत तेल लावून पोहायला उतरण्याची सवय आपल्याकडे जुनी. ते तेल वाळूत जाऊन तिच्या गुठळ्या करतं. शॉवर पुलाच्या वाटेवरच बांधा, आडबाजूला बांधलेला कुणी वापरत नाही.

वायरिंगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच), दिवे १२ व्होल्टचे. तळाला शोषणारी तोंडं दोन हवीत, एकमेकांपासून किमान मीटरभर दूर, फुगीर जाळीची. एकच तोंड असेल तर मुलाचे केस किंवा अंग त्यावर चिकटून राहू शकतं. चारी बाजूंनी ४ फुटी कुंपण, उभ्या गजांचं, म्हणजे चढायला पाय ठेवता येणार नाही. फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आपोआप मिटणारं, कडी मुलांच्या हाताला लागणार नाही इतकी वर. आणि फाटकाला टेकून कुंडी ठेवू नका.